लढाऊ विमान आणि वैमानिकरहित साथीदार: ताबा कोणाकडे, आणि लिंक तुटली तर काय?

गगनवेध

डिसेंबर २०२५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा चाचणी क्षेत्रात एमक्यू-२८ घोस्ट बॅट या वैमानिकरहित विमानाने एआयएम-१२० अमराम क्षेपणास्त्र डागून जेटवर उडणारं लक्ष्य पाडलं. बहुतेक बातम्यांत 'ड्रोनने हवेतलं लक्ष्य पाडलं' एवढंच आलं. पण क्षेपणास्त्र सुटायच्या आधी काय काय घडलं ते जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून हा धागा.

तीन विमानं तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून उडाली: घोस्ट बॅट, दोन आसनी एफ/ए-१८एफ सुपर हॉर्नेट आणि ई-७ए वेजटेल हे टेहळणी विमान. हवेत आल्यावर घोस्ट बॅटचा ताबा वेजटेलमधल्या ऑपरेटरने घेतला. सुपर हॉर्नेटने आपल्या सेन्सरवर लक्ष्य पकडलं आणि ती माहिती तिघांनाही मिळाली. घोस्ट बॅटने मारा करायला सोयीची जागा स्वतः शोधून तिथे सरकून घेतलं. मग वेजटेलने परवानगी दिली आणि क्षेपणास्त्र सुटलं. म्हणजे बघणारा एक, हुकूम देणारा दुसरा आणि डागणारा तिसरा.

असं वाटून घेण्यात फायदा काय? रडार चालू केलं की आपण उघडे पडतो. रडारची लहर लक्ष्यापर्यंत जाताना अंतराच्या वर्गाने क्षीण होते. आपटून परत येईपर्यंत ती चौथ्या घाताने क्षीण झालेली असते. त्यामुळे आपल्याला शत्रू दिसण्याच्या कितीतरी आधी त्याच्या रडार-सूचक यंत्राला आपण ऐकू येतो. म्हणून रडार लावणाऱ्याने मागे राहायचं आणि डागणाऱ्याने रडार बंद ठेवून पुढे जायचं. अमरामला वाटेत लक्ष्याची नवी जागा कळवत राहिलं की शेवटचा टप्पा ते स्वतःच्या रडारवर पार पाडतं. पुढे जाणाऱ्या विमानात माणूस नसेल, तर वैमानिकासाठी घेता येणार नाही एवढी जोखीम त्याच्यासाठी घेता येते.

पंख, इंजिन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर भरपूर चर्चा झालीय. माझ्या मते ही जोडी चालणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरेल: वैमानिकाने साथीदाराला काय सांगायचं, ते कोणत्या लिंकवरून (विमानांमधल्या रेडिओ-जोडणीवरून) सांगायचं, आणि लिंक तुटली तर साथीदाराने काय करायचं. जाणकारांनी यावर लिहावं.

शीतल_व

छान धागा. एक प्राथमिक शंका. वैमानिकाने, किंवा मागे जमिनीवर बसलेल्या ऑपरेटरने, साथीदार विमान थेट हातानेच का उडवू नये? अमेरिकेचे रीपर ड्रोन वगैरे वर्षानुवर्षं तसेच उडतात ना?

तरंगलांबी

शीतलताई, रीपर टेहळणीला आणि जमिनीवरच्या लक्ष्यासाठी उडतो, तिथे सेकंदभराचा उशीर खपतो. हवाई लढाईत खपत नाही. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमी उंचीवर असतो. वर जाऊन खाली यायला लहरीला साधारण पाव सेकंद लागतो. चित्र खाली येणं आणि हुकूम परत जाणं धरलं तर अर्धा सेकंद नुसत्या अंतरातच गेला. त्यावर व्हिडिओचं संकोचन आणि सांकेतिकीकरण येतं. ताशी ९०० किमी वेगाने विमान सेकंदाला २५० मीटर जातं, म्हणजे ऑपरेटरला दिसतंय तिथे विमान उरलेलंच नसतं.

आणि शेजारच्या लढाऊ विमानातून उडवायचं म्हटलं तर लिंक जवळची, उशीर नगण्य, पण वैमानिकाचं लक्ष एकच आहे. स्वतःचं विमान, रडार, रेडिओ आणि इंधन सांभाळून दुसऱ्या विमानाची उडवण्याची दांडी त्याने धरायची नसते. डिसेंबर २००२मध्ये दक्षिण इराकवर अमेरिकेच्या एका प्रिडेटर ड्रोनने इराकी मिग-२५ लढाऊ विमानावर स्टिंगर क्षेपणास्त्र डागलं होतं. मिगच्या क्षेपणास्त्राने प्रिडेटर गेला. त्याला हवेतलं शोधणारं रडार नव्हतं आणि आजूबाजूच्या हवाई क्षेत्राचं चित्र दाखवणारी लिंकही नव्हती. नुसतं क्षेपणास्त्र टांगून लढाऊ विमान होत नाही.

आता गगनवेध यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. नाटोची लिंक-१६ घ्या. ती ९६० ते १,२१५ मेगाहर्ट्झमध्ये चालते, ५१ वारंवारतांवर उड्या मारते, आणि वेळ ७.८१२५ मिलिसेकंदांच्या फाळ्यांत वाटून देते. सेकंदाला १२८ फाळे, १२ सेकंदांच्या एका चक्रात १,५३६. जॅमिंगला ती चिवट आहे. पण ठरावीक फाळे सगळ्यांत वाटायचे असल्याने 'मी इथे आहे' हा निरोप बहुधा १२ सेकंदांतून एकदाच जातो. २५० मीटर प्रतिसेकंद वेगाने तेवढ्यात विमान ३ किमी पुढे गेलेलं असतं. सगळ्यांना एकच चित्र दाखवायला एवढं पुरतं, शेजारी शेजारी उडायला पुरत नाही. शिवाय तिचा अँटेना सगळीकडे फेकतो, त्यामुळे बोललात की ऐकू जाणार.

एफ-३५ची एमएडीएल लिंक केयू बँडमध्ये अरुंद झोताने बोलते, म्हणून ऐकू जाण्याची शक्यता कमी. त्याची किंमत अशी की झोत समोरच्या विमानावर सतत रोखून धरावा लागतो. साथीदार जोरात वळला आणि त्याचा अँटेना स्वतःच्याच पंखाआड गेला तर लिंक तुटते. म्हणून अँटेना पाठीवर, पोटावर आणि कडांवर असे अनेक ठेवावे लागतात, आणि प्रत्येक अँटेना म्हणजे स्टेल्थ (रडारला सहज न दिसणाऱ्या) आकारात एक भोक.

क्षितिजाचा हिशेबही डोक्यात ठेवा. रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये = ४.१२ × (दोन्ही उंचींच्या, मीटरमध्ये, वर्गमुळांची बेरीज). दोघेही १०,००० मीटरवर असतील तर ८२० किमीच्या पुढे. एक १०० मीटरवर उतरला तर ४५० किमीच्या आसपास. दोघेही १०० मीटरवर असतील तर फक्त ८२ किमी, आणि मध्ये डोंगर आला तर तेवढंही नाही. दोघेही खालून घुसणार असतील तर वर कोणीतरी रिले म्हणून हवाच.

गगनवेध

उत्तम. वैमानिकाने काय सांगायचं, त्याबद्दल माझं मत मांडतो.

साथीदाराला 'डावीकडे वळ' सांगायचं नाही, काम सांगायचं. त्या कामात एवढं असावं: चार कोपऱ्यांनी बांधलेलं क्षेत्र. उंचीचा पट्टा, उदाहरणार्थ २५ ते ३० हजार फूट, आणि त्या पट्ट्यात आपलं दुसरं कोणीही येणार नाही याची हमी. कधीपासून कधीपर्यंत. रडार बंद, चालू की फक्त ऐकायचं. कोणत्या क्रमांकाच्या ट्रॅकवर, म्हणजे पडद्यावर क्रमांक देऊन माग ठेवलेल्या लक्ष्यावर, लक्ष द्यायचं. किती इंधन उरलं की निघायचं. लिंक तुटली तर कुठे जायचं. आणि शस्त्र: पूर्ण बंद, की एका ठरावीक ट्रॅकपुरतं आणि ठरावीक मिनिटांपुरतं मोकळं.

यातलं नव्वद टक्के जमिनीवर, मोहीम आखतानाच भरून ठेवायचं. हवेत वैमानिकाने दोन-तीन बटणांत निवड करायची. ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेत एफ-२२च्या वैमानिकाने कॉकपिटमधल्या टॅब्लेटवरून एमक्यू-२० अॅव्हेंजर या वैमानिकरहित विमानाला काम दिलं ते याच पद्धतीने. एफ-२२ एक आसनी आहे हे लक्षात घ्या. पाच-सहा टप्प्यांचा मेनू असता तर ते लढाईत निरुपयोगी ठरलं असतं.

ओझर_रनवे

> एफ-२२ एक आसनी आहे हे लक्षात घ्या

चाचणीत एक साथीदार, समोर शत्रू नाही, हवा मोकळी. तेवढ्यावरून दुसऱ्या आसनाची गरज नाही असा निष्कर्ष मला पटत नाही. चीनने जे-२०ची दोन आसनी आवृत्ती बनवली ती हौस म्हणून नाही. आपल्याकडे हा प्रश्न अगदी प्रत्यक्षातला आहे, कारण आपलं सर्वांत मोठ्या संख्येचं लढाऊ विमान सुखोई-३०एमकेआय मुळातच दोन आसनी आहे. परवान्याखाली बांधलेली २२२ विमानं एचएएलच्या नाशिक विभागातून, म्हणजे ओझरहून बाहेर पडली. मागच्या आसनावर शस्त्रप्रणाली सांभाळणारा प्रशिक्षित माणूस आधीच आहे. त्याच्यासमोर मोठा पडदा आणि साथीदाराचा मेनू द्या, पुढच्याने फक्त उडवावं आणि लढावं.

आपल्या साथीदाराची स्थिती थोडक्यात. एचएएलच्या कॅट्स वॉरियरचं पूर्ण आकाराचं रूप २०२१च्या एरो इंडियात दिसलं, आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचं इंजिन जमिनीवर चालवून पाहिलं. इंजिनं दोन, पीटीएई-७, म्हणजे लक्ष्य या टार्गेट ड्रोनचं. एकाचा रेटा साधारण ३८० किलो, दोन्ही मिळून ७६०. अमेरिकेच्या वायएफक्यू-४४ए या साथीदार विमानामधलं एकटं विल्यम्स एफजे४४ इंजिन १,६०० किलोच्या पुढे जातं. हा फरक छोटा नाही. वेग, उंची, वीजनिर्मिती, सगळ्यावर मर्यादा येते. रडार आणि जॅमरला लागणारी वीज इंजिनावरच्या जनित्रातूनच यायची असते. डीआरडीओचं स्विफ्ट हे शेपटीविना उडणारं प्रायोगिक विमान १ जुलै २०२२ रोजी चित्रदुर्गला उडालं, त्यामुळे स्वयंचलित उड्डाण आणि उतरणं याचा पाया आपल्याकडे आहे. खरी कमतरता मधल्या ताकदीच्या, स्वस्त, छोट्या टर्बोफॅन जेट इंजिनाची आहे. माझ्या मते पैसा आधी तिथे घालायला हवा.

लक्ष्यभेद

दोन आसनं की एक, यापेक्षा ताबा आणि शस्त्राची परवानगी कोणत्याही क्षणी एकाच माणसाकडे आहे का, हे आधी ठरवा. वूमेरातली मांडणी मला म्हणूनच आवडली. वेजटेलच्या ऑपरेटरपुढे मोठा पडदा, शांत जागा, शेजारी सहकारी. परवानगी त्याच्याकडे. लढाऊ विमानातल्यांनी लक्ष्य दाखवलं. आपल्याकडे नेत्रा आणि फाल्कन या टेहळणी विमानांत असे पडदे आणि प्रशिक्षित माणसं आहेत.

हस्तांतरणाची पद्धत कागदावर लिहिलेली हवी. देणारा म्हणतो 'देतो', घेणारा म्हणतो 'घेतला', साथीदार स्वतः पोच देतो, आणि ती पोच दोघांच्या पडद्यावर दिसली की मगच जुना मालक मोकळा होतो. पोच आली नाही तर ताबा जुन्याकडेच. हे न पाळलं तर दोन चुका होतात. दोघेही समजतात की समोरच्याकडे ताबा आहे, आणि साथीदार जुन्या आदेशावर भटकत राहतो. किंवा दोघेही हुकूम देतात.

आता लिंक तुटणं. ऑक्टोबर २०२४मध्ये पूर्व युक्रेनमध्ये कोस्त्यांतिनिव्हकाजवळ रशियाचं एस-७० ओखोत्निक हे जड स्टेल्थ ड्रोन, त्याच्याबरोबर उडणाऱ्या रशियन लढाऊ विमानानेच क्षेपणास्त्राने पाडलं. ताबा गेलेलं यंत्र पलीकडे जाऊ नये म्हणून पाडलं असंच त्यातून दिसतं. तरीही अवशेष युक्रेनच्या ताब्यातल्या भागात पडले, आणि त्यात ग्लाइड बॉम्बचे तुकडेही सापडले. इतकं महाग यंत्र आघाडीच्या रेषेवर आणायचं, तर ताबा गेल्यावर ते आपोआप मागे वळेल एवढी व्यवस्था त्याच्या आतच हवी.

ती व्यवस्था पायरी पायरीने असते. पहिले काही सेकंद काम चालू ठेवायचं, कारण वळताना अँटेना झाकला जाणं रोजचंच आहे. त्यानंतर शस्त्राची परवानगी आपोआप रद्द. मग उंची वाढवून लिंक पुन्हा मिळते का पाहायचं. नाही मिळाली तर ठरलेल्या भेटीच्या ठिकाणी जाऊन ठरलेली मिनिटं घिरट्या. तरीही नाही, तर ठरलेल्या मार्गाने घरी. घरी पोचण्याइतकं इंधन नसेल तर निर्जन भागात किंवा समुद्रात. सेकंद आणि मिनिटं दर मोहिमेला वेगळी, पण क्रम तोच. परवानगीला मुदत असायलाच हवी, 'रद्द' हा निरोप पोचण्यावर ती अवलंबून ठेवायची नाही. जॅमिंगमध्ये सगळ्यात आधी तोच निरोप पोचत नाही.

परतीचा धोका लोक विसरतात. लिंक मेलेलं, रेडिओवर न बोलणारं विमान आपल्याच क्षेपणास्त्र तळाकडे येतंय. ओळख पटवणारा सांकेतिक ट्रान्सपॉन्डर लिंकपासून स्वतंत्र वीजपुरवठ्यावर हवा, आणि परतीचा अरुंद मार्ग हवाई संरक्षणाला आधीच कळवलेला हवा.

शीतल_व

आणि जीपीएस जॅम झालं तर ते घरी कसं पोचणार?

लक्ष्यभेद

जडत्वीय यंत्रणेवर. चांगल्या दर्जाच्या यंत्रणेत चूक तासाला साधारण एक सागरी मैल, म्हणजे १.८ किमीच्या आसपास वाढते. घरी यायला पुरतं, धावपट्टीवर उतरायला नाही. शेवटी कॅमेरा, रडार उंचीमापक किंवा तळावरचा स्वतंत्र मार्गदर्शक लागतो. लिंक चालू असेल तर निरोप यायला लागलेल्या वेळावरून एकमेकांतलं अंतर काढून चूक कमी करता येते, लिंक-१६मध्ये ती सोय आहेच.

तरंगलांबी

चूक शब्द आला म्हणून एक गोष्ट जोडतो, कारण हवेत सर्वांत जास्त घोळ इथे होतो: एकाच शत्रूचे दोन ट्रॅक. समजा साथीदाराच्या दिशेच्या मोजमापात अर्ध्या अंशाची चूक आहे. १०० किमीवर त्याने जागा पावणेनऊशे मीटरनी सरकते. शत्रूची दोन विमानं जवळ जवळ उडत असतील तर लढाऊ विमानाच्या पडद्यावर दोनाची तीन किंवा चार दिसतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोघांचे क्रमांक अदलाबदल होतील. म्हणून उड्डाणानंतर दोघांनी एकाच ओळखीच्या विमानाकडे पाहून मोजमाप जुळवून घ्यायचं, आणि डागण्याआधी ट्रॅक क्रमांक दोन्हीकडे एकच आहे याची खात्री करायची.

नुसतं ऐकून जागा काढायची तर अंतर राखणं महत्त्वाचं. दिशेत एक अंशाची चूक, शत्रू १०० किमीवर. दोघांमध्ये ३० किमी अंतर असेल तर शत्रूच्या अंतरात साधारण ८ किमीची चूक येते. ६० किमी असेल तर साडेचारच्या आसपास. एकट्या विमानाला हे जमायला बराच वेळ तिरकं उडत राहावं लागतं. साथीदाराचा मला दिसणारा सगळ्यात रोकडा फायदा हा आहे, क्षेपणास्त्र नंतर. लहर पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून जागा काढायची असेल तर घड्याळं जुळलेली हवीत: १०० नॅनोसेकंदांची चूक म्हणजे ३० मीटर.

हँगर_तीन

चर्चा हवेतच चाललीय, जमिनीवरचंही बघा.

डिसेंबर २०२०मध्ये युमा इथे अमेरिकेने एफ-२२, एफ-३५ आणि एक्सक्यू-५८ए वाल्किरी हे वैमानिकरहित विमान एकत्र उडवले. या दोन लढाऊ विमानांच्या लिंक एकमेकींशी बोलत नाहीत, तर वाल्किरीच्या पोटातली पेटी दुभाष्या म्हणून काम करणार होती. वाल्किरी रॉकेटच्या धक्क्याने रुळावरून सुटते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात पेटीशी संपर्क गेला, कारण कनेक्टर सैल झाला. जमिनीवरच्या तशाच पेटीने काही काम निभावलं, आणि १८पैकी ९ उद्दिष्टं साध्य झाली. म्हणून रॉकेटवर उडवायचं असेल तर कुलूपबंद गोल कनेक्टर, ते सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार (लॉकवायर), आणि पेटी बसवलेल्या अवस्थेत धक्क्याची चाचणी. टेबलावर चालली म्हणून पास करायची नाही.

उतरतानाही तेच. वाल्किरी पॅराशूटने उतरते. ऑक्टोबर २०१९मध्ये तिसऱ्या उड्डाणाच्या शेवटी जमिनीवरचा जोराचा वारा आणि उतरवण्याच्या यंत्रणेतला बिघाड यांनी तिचं नुकसान झालं. धावपट्टी लागत नाही हे खरं, पण प्रत्येक उड्डाणामागे पॅराशूट घडी करणं, उशा बदलणं आणि सांगाडा तपासणं आलं. दिवसातून दोनदा उडवायचं असेल तर चाकं आणि धावपट्टीच बरी, आणि न वापरलेलं क्षेपणास्त्रही शाबूत परत येतं.

शांततेत ही विमानं रोज उडवायची नसतात. वैमानिकाचा सराव सिम्युलेटरवर होऊ शकतो, साथीदाराच्या सॉफ्टवेअरला सराव लागत नाही. मग महिनोन्‌महिने उभ्या विमानाचं काय? सील वाळतात, बॅटऱ्या उतरतात, इंधनात पाणी धरतं, स्फोटक द्रव्य असलेल्या भागांची मुदत संपते. ठरावीक दिवसांनी इंजिन फिरवणं, कंट्रोल सरफेस हलवून पाहणं, सॉफ्टवेअरची आवृत्ती लढाऊ विमानाशी जुळते का ते तपासणं, एवढं वेळापत्रकात हवंच. आवृत्ती जुळली नाही तर लिंक जुळते पण आदेशाचा अर्थ लागत नाही, आणि हा दोष हँगरमध्ये दिसत नाही.

गगनवेध

वेगाचा मुद्दा राहिला. हे साथीदार ध्वनीपेक्षा कमी वेगाचे आहेत. लढाऊ विमान उंचावर मॅक १.५ने पळालं तर ताशी सुमारे १,५९० किमी, साथीदार मॅक ०.८५ला ९०० किमी. दर मिनिटाला साडेअकरा किलोमीटरचं अंतर पडतं. म्हणून साथीदार आधी निघतो, आधी पुढे जाऊन बसतो, आणि लढाऊ विमान परत फिरलं की तो पाठ राखायला मागे उरतो. शेजारी शेजारी उडणारी चित्रं जाहिरातीपुरती ठीक.

कुत्र्यांच्या झुंजीसारखी जवळची लढाई यंत्राने करावी का, असं काहींनी खाजगी निरोपात विचारलं. एक्स-६२ए या बदललेल्या एफ-१६ने सप्टेंबर २०२३मध्ये माणसाने उडवलेल्या एफ-१६शी तशी झुंज दिली. त्या कार्यक्रमात २१ चाचणी उड्डाणं झाली, एक लाखाहून जास्त ओळींचे सॉफ्टवेअर बदल झाले, आणि सुरक्षेसाठी वैमानिक आत बसलेला होता. काम मोठं आहे, पण जोडीने लढायला त्याची वाट पाहायची गरज नाही.

ओझर_रनवे

लक्ष्यभेद यांचा एकाच मालकाचा मुद्दा मान्य. मग सुखोईसाठी मांडणी अशी सुचवतो. साधारण वेळी ताबा आणि परवानगी नेत्राकडे. सुखोईच्या मागच्या आसनावर फक्त क्षेत्र, उंचीचा पट्टा आणि रडार चालू-बंद बदलण्याचा अधिकार. नेत्रा मागे हटलं किंवा त्याची लिंक गेली, तर वर सांगितलेल्या पोच-पद्धतीने ताबा सुखोईकडे, पण शस्त्र बंद अवस्थेत. मागच्या आसनावरच्याने ट्रॅक क्रमांक जुळवून ते नव्याने मोकळं करायचं.

आणि सुरुवात वॉरियरची वाट न पाहता करता येते. एखाद्या उपलब्ध जेट टार्गेट ड्रोनवर लिंकची पेटी बसवायची, शस्त्र अजिबात नाही, आणि ताबा देणं-घेणं, लिंक मुद्दाम तोडणं, परतीचा मार्ग, एवढंच घासून घ्यायचं. अमेरिकेने एप्रिल २०२१मध्ये स्कायबोर्ग या साथीदार विमान आपोआप उडवण्याच्या कार्यक्रमाचं सॉफ्टवेअर आधी यूटीएपी-२२ माको या छोट्या टार्गेट-वंशाच्या ड्रोनवरच उडवलं, आणि दोन महिन्यांत तेच सॉफ्टवेअर अॅव्हेंजरवर चढवलं.

लक्ष्यभेद

सहमत. त्यात एक भर: लिंक तोडण्याची चाचणी तीन ठिकाणी वेगवेगळी घ्या. काम सुरू व्हायच्या आधी, ताबा हस्तांतरणाच्या मधोमध, आणि शस्त्राची परवानगी दिल्यानंतर लगेच. मधली सर्वांत अवघड, कारण 'घेतला' गेला आणि पोच परत आली नाही अशा स्थितीत दोन्ही पडदे वेगळं दाखवतात. ती पास होईपर्यंत खरं क्षेपणास्त्र पंखाखाली लावू नये.